देव म्हणजे बसस्टॉप नव्हे

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत तरुण-संघाचं काम बघणाऱ्या ताईंनी विचारलंय: "आमच्या प्रार्थनासभेत कुणी 'देवावर थांबा' म्हणतं, कुणी 'देवाची वाट बघा', आणि पवित्र शास्त्रात 'प्रतीक्षा कर' असं आहे. यातलं बरोबर काय? शिवाय 'धीर' आणि 'सहनशीलता' यांत फरक कोणता?"

ताई, 'देवावर' नको. एवढं सांगून थांबलो असतो, पण हा 'देवावर' गेली चार-पाच वर्षं माझ्या कानात खड्यासारखा टोचतोय.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बेळगावच्या कॅम्पातल्या एका घरी प्रार्थनासभा होती. एका बाईंच्या नवऱ्याच्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता, रिपोर्ट यायला आठ दिवस होते. बाईंनी ते सांगून प्रार्थनेची विनंती केली. संदेश द्यायला आलेला तरुण मोठ्या कळकळीनं म्हणाला, "मावशी, देवावर थांबा. फक्त देवावर थांबा." बाईंनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "कुठं थांबू?"

कुणी हसलं नाही. बाईंनाही विनोद करायचा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि चूक त्यांची नव्हतीच. मराठीत माणूस 'वर' थांबतो तो सीबीटी बसस्थानकावर, नाक्यावर, फार तर बंद पडलेल्या सिग्नलवर. देव म्हणजे बसस्टॉप नव्हे. इंग्रजीतल्या 'वेट ऑन'मधला 'ऑन' उचलून मराठीच्या पाठीवर बसवला की असं होतं. त्यावर कडी म्हणजे याच तरुणानं पुढं 'वेट'वरून 'वेटर' काढला, आणि हॉटेलातला वेटर जसा गिऱ्हाइकाच्या हुकमाची वाट बघत उभा असतो तसं आपण देवापुढं उभं राहायचं, असं पंधरा मिनिटं समजावलं. दृष्टांत वाईट नाही. पण कोटी इंग्रजीत, श्रोते मराठी, आणि ज्या बाईंसाठी हे सगळं चाललंय त्या अजून 'कुठं थांबू' इथंच.

बरं, त्या इंग्रजी शब्दाचं मूळ तरी बघायचं. 'वेट' हा जुन्या फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ पहारा देणं, नजर ठेवणं. 'वॉच' आणि 'वेक' हे त्याचे नातलग. म्हणजे इंग्रजीतसुद्धा ते थांबणं नव्हतं, जागं राहून बघणं होतं. १३०व्या स्तोत्रातले पहारेकरी पहाटेची वाट बघतात ते काय उगाच?

आपल्याकडं कानडी शेजारी असल्याचा फायदा इथं होतो. बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० साली सुरू झालं, आणि इथल्या मंडळ्यांत मराठी-कानडी एका बाकावर बसत आलेत. कानडीत वाट बघणं म्हणजे 'दारि नोडु'. दारि म्हणजे रस्ता, नोडु म्हणजे बघ. शब्दाला शब्द आपलंच! दुसरा कानडी शब्द 'कायु'. त्याचे अर्थ दोन, राखण करणं आणि वाट बघणं. शेत राखणारा आणि पाहुण्याची वाट बघणारा, दोघंही 'कायतात'. कानडी बायबलात यशया ४०:३१ला 'निरीक्षिसु' आहे, आणि त्यामुळं धारवाडकडचे एक पाळक आमच्याकडं मराठीत बोलताना "आपण देवाचं निरीक्षण केलं पाहिजे" म्हणाले होते. लोक गालातल्या गालात हसले. मी नाही हसलो. निरीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा, परीक्षा, उपेक्षा ही सगळी 'ईक्ष्' म्हणजे बघणे या धातूची लेकरं. पाळकांचं मराठी चुकलं असेल, 'बघणं' चुकलं नव्हतं.

तेव्हा 'प्रतीक्षा' बरोबरच. स्तोत्र २७:१४मध्ये "परमेश्वराची प्रतीक्षा कर" आहे, ते छापील म्हणून ठीक. पण स्वयंपाकघरात कुणी प्रतीक्षा करत नाही. तिथं वाटच बघतात. आणि 'वाट' हा शब्द हातात आला की मला दुसरं काही सुचत नाही, ते एकदा सांगून टाकतो.

'वाट' कुठून आला? शब्दांवर लिहिणाऱ्यांतले काहीजण अजून सांगतात की संस्कृतात 'वाट' म्हणजे आवार, कुंपण. आवारांमधून जाते ती वाट. हे वाचलं की माझं डोकं फिरतं. संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला ट प्राकृतातून मराठीत येताना ड होतो, हे शाळकरी पोरालाही दाखवता येतं: वट-वड, घोटक-घोडा, कटु-कडू. मग आवारवाला 'वाट' मराठीत काय होऊन येईल? वाडा, वाडी! आणि तसाच तो आलाय, बेळगावच्या पंचक्रोशीत पायलीला पन्नास वाड्या आहेत. ट टिकून राहतो तो जोडाक्षर असेल तरच: हट्ट-हाट, भट्ट-भाट. म्हणून आपली वाट 'वर्त्म'पासून, मध्ये प्राकृत 'वट्ट'. इतकं सरळ आहे. तरी कुंपण सोडवत नाही लोकांना.

'वर्त्म'मधला धातू 'वृत्', म्हणजे फिरणं, वळणं. गाडीची चाकं फिरून फिरून जो माग पडतो ते वर्त्म, ती वाट. याच 'वृत्'पासून 'वर्तुल' आणि म्हणून 'वाटोळं'. (कुणाची वाट लागते तेव्हा वाटोळंही होतं, एकाच घरातले दोघे एका वेळी येतात.) आणि याच 'वृत्'पासून 'वर्ति', म्हणजे वळून केलेली वस्तू, म्हणजे आपली दिव्यातली वात.

वाट आणि वात. एकीचा र्त ट झाला, दुसरीचा त राहिला, बाकी दोघी एका आईच्या. एक चाकांनी वळलेली, एक बोटांनी.

आता जुन्या कराराच्या मूळ भाषेकडं, हिब्रूकडं. यशया ४०:३१ला मराठीत "परमेश्वराची आशा धरून राहणारे" आहे. २७व्या स्तोत्रात "प्रतीक्षा कर" आहे. दोन्हीकडं मूळ क्रियापद एकच, 'कावा'. (गनिमी काव्याशी संबंध नाही, पत्रं पाठवू नका. पण टपून वाट बघणं त्यातही आहे, हे मला फार आवडतं.) या 'कावा'वरून 'तिक्वा', म्हणजे आशा, इस्रायलच्या राष्ट्रगीताचं नाव 'हातिक्वा' ते हेच. आणि यहोशवाच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात यरीहोच्या राहाबनं हल्ल्यात आपलं घर वाचावं म्हणून खिडकीला किरमिजी दोरी बांधली, त्या दोरीला हिब्रूत शब्द काय आहे? तिक्वा! आशा आणि दोरी, अक्षराला अक्षर तेच. ती बाई घरच्यांना गोळा करून त्या दोरीच्या आड वाट बघत बसली होती.

म्हणजे हिब्रूत वाट बघणं दोरीच्या घरचं, आणि आपली वाट वातीच्या घरची. दोन्हीकडं वळणं, पिळणं. हिब्रू आणि संस्कृत यांचं नातं नाही, योगायोग आहे, मला माहीत आहे. तरी सांगतो.

काही हिब्रू पंडित म्हणतात की मूळ अर्थ पीळ नाही, ताण. दोरी ताणलेली असते म्हणून. आणखी काही म्हणतात, दोरीचा आणि आशेचा संबंधच ओढूनताणून लावलाय. ओढूनताणून! अहो, तुमच्याच तोंडून दोरी निघाली की. या पंडितांनी आयुष्यात दोरी वळली नसावी, नाहीतर पीळ आणि ताण वेगळे काढले नसते.

मी वळलीय. म्हणजे एक टोक धरलंय. आमचे आजोबा खानापूरकडं भातशेती करायचे, आणि बेंदराच्या आधी बैलांना नवी दावी, नवे कासरे घरीच व्हायचे. बैल ख्रिस्ती घरातला म्हणून जुन्या दाव्यावर थोडाच भागवतो? घायपात ओढ्यात कुजत घातलेली असायची, तिचा वास अर्ध्या गावाला. मग ती बडवायची, धुवायची, पांढराशुभ्र वाख वाळवायचा. आजोबा दोन पेड वेगवेगळे उजवीकडं पिळत न्यायचे आणि मग दोघांना एकत्र डावीकडं वळायचे. गंमत इथंच आहे. प्रत्येक पेड उलगडायला बघतो, पण एकाचं उलगडणं दुसऱ्याचं आवळणं होतं. माझं काम एवढंच की टोक ताणून धरायचं. एका रविवारी देवळाची घंटा झाली आणि मी टोक सोडलं. सगळी दोरी अंगावर आलेल्या सापासारखी वेटाळली, गाठीच गाठी. आजोबा रागावले नाहीत. "दमानं की रं," म्हणाले, आणि बसून एकेक गाठ सोडवायला लागले. आम्ही उपासनेला उशिरा पोचलो.

'दमानं' हाही सुंदर शब्द आहे. "दम धर" मधला दम म्हणजे श्वास, फारसीतून आलेला. यशयाच्या त्याच ओवीत धावणारे दमणार नाहीत असं आहे. दम धरणाऱ्यांना दम लागत नाही, हे मराठी भाषांतरात आपोआप साधलंय. पण यात शिरलो तर संपायचं नाही.

आजोबांची दोरी आठवते तेव्हा आणखी एक कानडी शब्द आठवतो, 'हुरि', म्हणजे पीळ. कुणाला उमेद देणं, पाठ थोपटणं याला कानडीत 'हुरिदुंबिसु' म्हणतात. मी त्याची फोड 'पीळ भरणं' अशीच करतो. आपण मराठीत धीर 'देतो', कानडी माणूस पीळ भरतो. आपल्याकडं पीळ म्हणजे नुसता ताठा: सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. ही म्हण मी आडमुठ्या माणसावर वापरायचं सोडून दिलंय. त्या कॅम्पातल्या बाईंवर वापरीन म्हणतो.

वाट बघण्याला विभक्ती कोणती, हे राहिलं. षष्ठी. 'ची'. तुकोबा "पाहे रात्रंदिवस वाट तुझी" म्हणतात, तुझ्यावर म्हणत नाहीत. ज्याची वाट, त्याच्या येण्याच्या रस्त्याकडं डोळे. बाकी हात रिकामे ठेवलेच पाहिजेत असं नाही. दिवाळीला मुऱ्हाळी येणार म्हणून लेक दारातून डोकावते ती भाकऱ्या थापत थापतच. "थांबा" म्हटलं की मात्र माणूस काम टाकून बसतो. आणि आम्हा सीमाभागातल्यांना तर यातला फरक कुणी शिकवायला नको: १९५६ पासून वाट बघतोय, २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयाकडं बघतोय, आणि मधल्या काळात पोरांची लग्नं, घरं, ऊस, सगळं केलंच की.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. तो मी विसरलो नव्हतो, मागं पडला होता. धीर आणि सहनशीलता यांतला फरक मराठीत आहे: धीर वेळेच्या बाबतीत, सहनशीलता माणसांच्या बाबतीत. रिपोर्टसाठी धीर, आणि रिपोर्ट उशिरा देणाऱ्यासाठी सहनशीलता. पण यावर तरुण-संघात दोन वेगळे धडे घेऊ नका. कारण गलतीकर ५:२२मधलं आत्म्याचं फळ 'सहनशीलता' आणि याकोब ५:७मधलं "धीर धरा" हे ग्रीकमध्ये एकाच शब्दाचे, 'माक्रोथुमिया'. 'माक्रो' म्हणजे लांब, 'थुमोस' म्हणजे आतला उकळणारा जोर.

याकोबानं तिथं शेतकरी उभा केलाय, पहिल्या आणि शेवटल्या पावसाची वाट बघणारा. त्याच्या देशात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शेवटला मार्च-एप्रिलात. खानापुरात हे मिरग आणि हस्त म्हणून सांगा, पोरांना लगेच कळेल. धूळवाफ पेरणी केलेलं त्यांच्या घरी कुणीतरी असेलच: कोरड्या मातीत कुरीनं भात पेरून झालंय, बी धुळीत पडलंय, आणि आभाळ निळंभोर. तिथं थांबता कुठं येतं? रोज सकाळी बांधावर जाऊन माती उकरून बघतात, मुंग्या लागल्या का, कोंब सुटला का.

'माक्रोथुमिया'च्या मागंही हिब्रू आहेच. निर्गम ३४:६ला देव स्वतःचं वर्णन करतो तिथं मराठीत 'मंदक्रोध' हा देखणा शब्द आहे. हिब्रूत शब्दशः 'लांब नाकाचा'. हिब्रूत नाक आणि राग यांना शब्द एकच, 'अफ'. नाक लांब म्हणजे राग शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. आपल्याकडं ज्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो त्याचं नाक, या हिशेबानं, अगदीच नकटं. माझं तसंच आहे असं घरचे म्हणतात, आणि हे उत्तर वाचून ताईही म्हणतील.