शेजारच्या ख्रिस्ती काकूंनी पुरणपोळी ‘ईस्टरनंतर’ का म्हटलं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. जानेवारीत तुम्ही पुण्याहून बदली होऊन इंदूरला आलात. वरच्या मजल्यावर मराठी ख्रिस्ती काका-काकू राहतात. होळीला ताट झाकून पुरणपोळी घेऊन गेलात, तर काकू ओशाळून म्हणाल्या, ‘अहो, सध्या आमचं लेंत चालू आहे, ईस्टरनंतर नक्की.’ आपल्या सणाचं म्हणून नको झालं की काय, असं तुम्हाला वाटलं. शिवाय हे लेंत म्हणजे एकादशीसारखा उपास आहे की सुतक, हेही तुम्ही विचारलंय.

सुतक नाही, आणि तुमच्या सणाला नाकं मुरडणंही नाही. लेंत म्हणजे ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ. मी जन्मापासून इंदूरची, कॅथलिक. वडील मूळचे नगर जिल्ह्यातले. मिलमध्ये नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. काकूंनी बहुतेक या दिवसांत गोड सोडलं असणार. नैवेद्य दाखवलेलं खायचं नाही असं मानणारी ख्रिस्ती घरंही आहेत, खोटं कशाला बोलू. पण ती माणसं ‘ईस्टरनंतर नक्की’ म्हणत नाहीत.

अशाच प्रसंगावरून लहानपणी मी बोलणी खाल्ली आहेत. गुढीपाडवा बहुतेक वर्षी लेंतमध्येच येतो. आम्ही तेव्हा रामबागेत भाड्यानं राहायचो. खाली घरमालकीण आजी. पाडव्याला त्या वाटीभर श्रीखंड घेऊन वर आल्या. बाबांनी त्या वर्षी गोड आणि चहा दोन्ही सोडलं होतं, पण त्यांनी वाटी घेतली आणि आजींच्या समोर उभ्या उभ्या बोटानं चाटूनपुसून साफ केली. मी तिसरी-चौथीत असेन. मी मोठ्यांदा म्हटलं, ‘बाबा, तुमचं गोड बंद आहे ना!’ आजींचा चेहरा असा पडला की अजून आठवतो. बाबा म्हणाले, ‘आज सुट्टी.’ आजी गेल्यावर मात्र मला समोर बसवलं. ‘उपास माझा होता. तुला कुणी दवंडी पिटायला सांगितली होती?’ मग बायबल काढून मत्तयचा सहावा अध्याय माझ्याकडून वाचून घेतला. उपास कराल तेव्हा डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका, असं येशू त्यात सांगतो. हाच अध्याय राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंतच्या पहिल्या दिवशी, चर्चमध्ये वाचतात. गंमत अशी की तो ऐकून झाल्यावर लगेच आमच्या कपाळाला राख लावतात आणि आम्ही ती मिरवत ऑफिसला जातो. या विसंगतीवर मी फादरांना दोनतीनदा छेडलंय. ते हसतात.

म्हणजे तुमच्या पुरणपोळीबद्दल माझं मत बाबांच्या बाजूचं आहे. मी खाल्ली असती. पण काकूंनी नाही खाल्ली म्हणून त्यांचं मन छोटं ठरत नाही. नियम मोडायची हिंमत प्रत्येकाला होत नाही, आणि काही वेळा नियम मोडणाऱ्यापेक्षा ती हिंमत न होणारा माणूसच जास्त प्रामाणिक असतो.

आता हिशेब. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत दिवस मोजले तर ४६ भरतात. मधले सहा रविवार वजा केले की ४०, येशू रानात उपाशी राहिला तेवढे. रविवार उपासात धरत नाहीत. आमच्या घरी ही पळवाट फार प्रिय होती. शनिवारी रात्रीच ठरायचं की उद्या सकाळी पोह्यांबरोबर जिलबी कुणाच्या दुकानातून आणायची. (इंदुरात राहून चाळीस दिवस जिलबीशिवाय पोहे खाणं ही तपश्चर्या किती मोठी, ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल.) चर्चच्या कायद्यानं सक्तीचा उपास खरं तर दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तोही १८ ते ५९ वयाच्या लोकांना. त्या दिवशी एकच पोटभर जेवण, बाकी दोन वेळा थोडंथोडं. या दोन्ही दिवशी आणि लेंतच्या शुक्रवारी मटण-चिकन नाही. बाकी काय सोडायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं: कुणी सिगारेट, कुणी सिरियल, कुणी सराफ्यातलं रात्रीचं खाणं. तेव्हा साबुदाणा-भगरीची चौकट इथं शोधू नका. काका-काकू कॅथलिक नसून छावणीजवळच्या पांढऱ्या चर्चकडचे, म्हणजे प्रोटेस्टंट, असतील, तर त्यांच्यात नियम कमी आणि प्रार्थनासभा जास्त, एवढाच फरक.

सोडलेल्या गोष्टीचे पैसे कुठं जातात, हे त्याहून महत्त्वाचं. पॅरिशमधून, इकडच्या हिंदीत पल्लीतून, घरोघर पुठ्ठ्याचा छोटा डबा देतात. बाबांना तो पटायचा नाही, ‘यात पाच रुपयांची नोट टाकली तरी शंभराची टाकल्यासारखी दिसते’ म्हणायचे. त्यांनी बोर्नव्हिटाच्या पत्र्याच्या डब्याला झाकणावर छिन्नीनं चीर पाडली होती. मिलच्या कँटीनमधला रोजचा दोन कप चहा सोडला की तेवढी नाणी संध्याकाळी त्यात. खिशातून नाणी काढायची, एकेक करून सोडायची आणि प्रत्येकाचा आवाज ऐकायचा. कधी मालकाच्या चुलत्यानं वगैरे जबरदस्ती चहा पाजला, तर ते पैसे टाकायचे की नाही यावर आईशी वाद. आई म्हणायची, चहा पोटात गेला, विषय संपला. बाबा म्हणायचे, पैसे तर वाचले ना, मग ते माझे कसे? मिल बंद पडली त्या वर्षीही डबा ठेवला होता. त्यात काय टाकलं ते मला माहीत नाही, पण ईस्टरच्या आधी तो वाजत होता.

राखेचं सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमध्ये मिळालेल्या झावळ्या, ज्या आम्ही घरी क्रुसामागे खोचून ठेवलेल्या असतात, त्या परत नेऊन द्यायच्या. त्या जाळून ही राख करतात. रांगेत उभं राहायचं, फादर अंगठा बुडवून कपाळावर क्रूस काढतात आणि म्हणतात, ‘तू मिट्टी है और मिट्टी में मिल जाएगा।’ राख कोरडी असली तर थोडी नाकावर सांडते. आमच्या रांगेत मल्याळी नर्स, गोव्याकडचे रेल्वेतले लोक, झाबुआकडून कामाला आलेली आदिवासी कुटुंबं, तमिळ आणि आम्ही पाचसहा मराठी घरं. सगळ्यांची माती हिंदीतून. पण मी जागेवर येऊन बसले की मनात माझ्या आजीचं मराठी वाक्य म्हणते, ‘तू माती आहेस व मातीत परत जाशील.’ ‘परत’ हा शब्द मला तिथं फार लागतो. ‘मिल जाएगा’मध्ये माणूस हरवल्यासारखा वाटतो, ‘परत जाशील’मध्ये घरी चालल्यासारखा.

शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट असते. येशूला मृत्युदंड ठरवला तिथपासून त्याला कबरेत ठेवलं तिथपर्यंत चौदा टप्पे. प्रत्येक टप्प्याशी थांबायचं, गुडघे टेकायचे, वाचन, एक कडवं, पुढे. म्हाताऱ्यांचे गुडघे चौथ्या-पाचव्या टप्प्यापर्यंत तग धरतात, मग ते बाकाला धरून नुसते वाकतात. सुरुवातीला मला हे फार कंटाळवाणं वाटायचं. तीनदा तो पडतो, आणि तिन्ही वेळा तेच. चाळिशी उलटल्यावर लक्षात आलं की तिसऱ्यांदा पडणं हे पहिल्यासारखं नसतंच. पहिल्यांदा लोक धावतात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. इंदूरकडच्या ख्रिस्ती माणसाला लेंत म्हटलं की एक तारीख आठवते, २५ फेब्रुवारी १९९५, शनिवार. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, देवास जिल्ह्यात उदयनगरला राहून काम करायच्या. शेतमजुरांना सावकाराच्या पाशातून सोडवायच्या, ते काहींना खुपत होतं. त्या दिवशी इंदूरच्या बसमध्ये बसल्या असताना वाटेत लोकांदेखत त्यांना भोसकून मारलं. त्यानंतर चारच दिवसांनी, १ मार्चला, राखेचा बुधवार होता. मी एकवीस वर्षांची. त्या बुधवारी ‘तू मिट्टी है’ ऐकताना चर्चमध्ये कुणी खोकलंही नाही.

पुढचं तुम्ही कदाचित ऐकलं असेल. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधून आली. २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच राणी मारियांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्याचा विधी झाला. आम्ही सगळे मैदानात होतो, उन्हात, पाण्याच्या बाटल्या सांभाळत.

लेंतमध्ये आमच्या पॅरिशमधून उदयनगरला बस जाते. त्यांची कबर तिथल्या चर्चमध्ये आहे. एका वर्षी मी गेले तेव्हा माझं आणि धाकट्या भावाचं बोलणं बंद होतं. बाबांच्या घराच्या हिश्शावरून, दुसरं काय असणार. सहा वर्षं मी त्याला राखी बांधली नव्हती. कबरेशी एक सिस्टर ती राखीची गोष्ट सांगत होत्या, शंभरदा सांगितलेली असावी अशी, सपाट आवाजात. मी ती पन्नासदा ऐकलेली. पण त्या दिवशी मला नुसती लाज वाटली. आणि खरं सांगू, लाजेपेक्षा राग जास्त आला. म्हटलं, तुमचं ठीक आहे, तो परका होता. परक्याला माफ करणं सोपं असतं, तो रोज फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकत नाही. परतताना बसमध्ये बायका रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत होत्या आणि मी खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात भावाशी भांडत होते, अगदी मुद्देसूद.

त्या वर्षी मी गोड सोडलं होतं. मला मुळात गोड आवडत नाही. म्हणजे मी चाळीस दिवस काय सोडत होते, ते तुम्हीच बघा.

पापनिवेदनाला गेले तेव्हा फादरांना हे सांगितलं. ते तरुण होते, झाबुआकडचे. त्यांनी उपदेश केला नाही. विचारलं, ‘भाई का नंबर याद है या फोन में देखना पड़ता है?’ मी म्हटलं, पाठ आहे. म्हणाले, ‘बस, रोज एक बार मन में बोल लीजिए। लगाइए मत।’ एवढंच प्रायश्चित्त. मी चिडलेच होते. पण करायला लागले. दहा आकडे, रोज रात्री दिवा मालवल्यावर. चौथ्या आठवड्यात एकदा लावला. त्यानं उचलला. आम्ही गॅसचं सिलेंडर आणि त्याच्या मुलाचा बारावीचा निकाल यावर बोललो. घराचा हिस्सा अजून तसाच आहे, वकील तेच आहेत. राखी मात्र बांधते.

बाकी पवित्र आठवड्याबद्दल, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्याबद्दल, थोडं, कारण तुम्ही इंदुरात आहात आणि दोन्ही पंचांगं इथं एकमेकांच्या अंगावर येतात. ईस्टर चंद्रावर चालतो: २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. ती पौर्णिमा कधी होळीची असते, कधी हनुमान जयंतीची. यंदा, २०२६ मध्ये, हनुमान जयंती २ एप्रिलला आहे आणि त्याच गुरुवारी आमच्याकडे फादर बारा जणांचे पाय धुतील, येशूनं शिष्यांचे धुतले तसे. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. त्या दिवशी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) होत नाही, घंटा वाजत नाही, क्रुसाचं चुंबन घेऊन सगळे गप्प घरी जातात. कृपा करून काकांना ‘हॅपी गुड फ्रायडे’ पाठवू नका. दरवर्षी मला आठदहा येतात.

२०२४ मध्ये तर कमाल झाली. झावळ्यांच्या रविवारीच होळी पेटली आणि पवित्र शनिवारी, ३० मार्चला, रंगपंचमी. म्हणजे सकाळी राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक), रात्री चर्चमध्ये ईस्टरचं जागरण. माझा भाचा, भावाचा तोच मुलगा, दिवसभर गेरमध्ये नाचला आणि रात्री पांढरा सदरा घालून आला. चर्चमधले सगळे दिवे बंद करतात, बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून आपापल्या मेणबत्त्या पेटवत ज्योत मागे मागे येते. त्यानं माझी मेणबत्ती पेटवायला मान वाकवली तेव्हा दिसलं, दोन्ही कानांच्या मागे गुलाबी रंग तसाच. म्हटलं, घासला नाहीस? म्हणाला, ‘आत्या, तीन बार घिसा!’

यंदा ईस्टर ५ एप्रिलला आहे. पुरणपोळी तोपर्यंत टिकणार नाही, तेव्हा त्या दिवशी सकाळी गरम जिलबी घेऊन वर जा. फार लवकर नको, काकू रात्रीच्या मिस्सेहून उशिरा आलेल्या असतील.