मोठा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) टाकल्यावर गिअरमध्ये टाकताच इंजिन बंद पडतं. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग) कोणता घ्यावा?

शेव्हरोले ३५० व्ही८ इंजिन, टीएच३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि ०.०५० इंच लिफ्टला २३० अंशांच्या आसपास ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) कॅम, असं धरून सांगतो.

अशा कॅममध्ये ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) जास्त, त्यामुळे आयडलला व्हॅक्यूम आणि टॉर्क दोन्ही कमी. कंपनीचा कन्व्हर्टर कमी आरपीएमलाच घट्ट पकडतो आणि अशक्त इंजिनाला दाबून टाकतो. कॅमसोबत येणाऱ्या माहितीच्या कार्डवर पॉवर रेंज कुठून सुरू होते ते बघा आणि स्टॉल (गाडी ब्रेकवर धरून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढतं तो आकडा) त्याच्यापेक्षा सुमारे ५०० आरपीएमने जास्त ठेवा. रेंज २००० पासून असेल तर साधारण २५००.

पण डब्यावरचा आकडा देवाचा शब्द नव्हे! स्टॉल हा कन्व्हर्टरचा एकट्याचा गुण नाही. टॉर्क जास्त असलेल्या इंजिनामागे तोच कन्व्हर्टर जास्त आरपीएमला स्टॉल होतो. म्हणून विक्रेत्याला कॅम, कॉम्प्रेशन, गाडीचं वजन, टायर आणि डिफरन्शियलचा रेशो (चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो), सगळं सांगा.

रेशो विसरू नका. २६ इंची टायर आणि ३.०८ रेशोवर ताशी १०० किमीला इंजिन २५०० च्या जरा खालीच फिरतं, ३.७३ वर ३००० च्या जवळ. ३.०८ सोबत ३००० स्टॉल घेतलात तर हायवेवर तो स्लिप होत राहील, तेल तापेल आणि गिअरबॉक्समधले क्लच जळू शकतात. वेगळा ट्रान्समिशन कूलर तर लावाच.

आणि हो, खर्च करण्याआधी इग्निशन टायमिंग आणि व्हॅक्यूम लीक तपासा. कधी कधी रोग तिथेच असतो.