ती जागा मोकळी नाही

प्रिय बाय,

नगरपरिषदेच्या नव्या विकास आराखड्याच्या नोटिशीचं कात्रण आणि नकाशाचे फोटो मिळाले. मासळी सुकवतो त्या वाळवणीच्या जागेवर वाहनतळ, होड्या ओढून ठेवतो त्या पट्ट्यावर उद्यान, आणि विहिरीच्या अंगाला सार्वजनिक शौचालय. गाव चिडलं यात नवल नाही. मोर्चा काढायचा तर जरूर काढा, पण मोर्च्याची नोंद आराखड्याच्या फायलीत होत नाही. तिथे फक्त मुदतीत दिलेली लेखी हरकत जाते, आणि पुढे सुनावणीलाही हरकत घेणाऱ्यालाच बोलावतात. म्हणून आधी मुदत पक्की कर. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली प्रारूप विकास योजना, म्हणजे या आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध होते. नगरपरिषदेच्या योजनेला हरकती-सूचनांसाठी साधारण ३० दिवस मिळतात, आणि ते राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून मोजतात. वर्तमानपत्रात जाहिरात उशिरा आली असेल तर तुमचे तेवढे दिवस आधीच गेले. सूचनेत छापलेली शेवटची तारीख मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकून उत्तराची वाट बघत बसू नकोस. उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस असतात, तोवर मुदत संपलेली असेल. अर्ज टाक, तो पुढे सुनावणीला उपयोगी पडेल: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. पण आत्ता लागणारं सगळं नगरपरिषदेत पाहणीसाठी ठेवलेलं असतं, आणि ते बघायला अर्ज लागत नाही. तिघं जा, वही घेऊन जा. तीन गोष्टी माग: प्रस्तावित जमीन वापराचा नकाशा, विद्यमान जमीन वापराचा नकाशा आणि योजनेचा अहवाल. लोक पहिला नकाशा बघून घरी येतात. चूक मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या नकाशात असते.

ती कशी होते ते नीट समजून घे, कारण तुमची सगळी बाजू त्यावर उभी आहे. आराखडा करण्याआधी कलम २५ प्रमाणे शहराची पाहणी होते आणि आज कुठली जमीन कशासाठी वापरात आहे ते नकाशावर येतं. घर दिसतं, दुकान दिसतं, शाळा दिसते. वाळवण दिसते ती फक्त ज्या दिवशी मासळी वाळत असते त्या दिवशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत पाहणी झाली असेल तर वलांडीचे, म्हणजे मासळी टांगायच्या मांडवाचे, बांबू उतरवून ठेवलेले, होड्या शाकारलेल्या आणि खळ्यावर गवत. पाहणी करणाऱ्याने 'मोकळी जागा' लिहिलं, आणि त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. पुढे आरक्षणं टाकताना, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी जागा राखून ठेवताना, नगररचनाकार मोकळी जागाच शोधत असतो, कारण तिथे कुणाचं घर पाडावं लागत नाही. वाहनतळ तुमच्यावर राग म्हणून आलेला नाही. तुमची जागा कागदावर रिकामी होती म्हणून आला.

तेव्हा तुमच्या हरकतीचं पहिलं वाक्य 'आमच्यावर अन्याय होतोय' असं नको. 'विद्यमान जमीन वापर नकाशात ही जागा मोकळी दाखवली आहे, ती चूक आहे. ही जागा मासळी सुकवण्यासाठी वापरात आहे, पुरावे सोबत जोडले आहेत' असं लिही. भावनेवर अधिकाऱ्याला टिप्पणी लिहिता येत नाही. चुकीवर लिहावीच लागते.

आता पुरावे. आधी नकाशाचं प्रमाण बघ. १:५००० असेल तर कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५ मीटर. तुमची ३० मीटर बाय २० मीटरची वाळवण त्या कागदावर ६ मिलिमीटर बाय ४ मिलिमीटर येते, करंगळीच्या नखापेक्षा लहान. म्हणून नकाशावर बोट ठेवून वाद घालू नकोस. स्वतःचा मोठा नकाशा कर: १:५०० ला तीच वाळवण ६ सेंटिमीटर बाय ४ सेंटिमीटर होते, आणि तिच्यात वलांड्यांच्या रांगा काढून दाखवता येतात. पाया म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून सिटी सर्व्हेच्या नकाशाची उताऱ्यासह नक्कल घे. मोजायला कापडी टेप वापर. मोबाइलवर दिसणारं ठिकाण चार-पाच मीटर इकडेतिकडे सरकतं, आणि एवढ्या छोट्या जागेत तेवढ्याने हद्द चुकते. एका पक्क्या खुणेपासून, म्हणजे देवळाच्या कोपऱ्यापासून किंवा विजेच्या खांबापासून, दोन बाजूंनी अंतरं घेतली की तो नकाशा कुणी खोडू शकत नाही.

जागा मोजलीस की वापर मोज. एकाच दिवशी मोजलंस तर फसशील. डोलीचं, म्हणजे समुद्रात एका जागी बांधून ठेवलेलं, जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, मासळी जास्त आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, कमी. त्यामुळे किमान दोन दिवस उधाणाचे आणि दोन दिवस भांगाचे घे. पहाटे ४ पासून संध्याकाळी ७ पर्यंत दर दोन तासांनी तेच चार आकडे लिही: किती होड्या लागल्या, किती बाया वाळवणीवर, किती वलांड्या भरलेल्या, किती टेम्पो आले. मुदत बंदीच्या काळात पडत असेल तर मोजता येणार नाही. मग गेल्या हंगामाचे मोबाइलमधले फोटो गोळा कर आणि तारीख दिसेल असे छाप. संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची उपग्रहचित्रं बघता येतात. नोव्हेंबर ते मे मधली चित्रं शोध, ओढलेल्या होड्या त्यात स्पष्ट दिसतात. सोसायटीची लिलावाची वही, बर्फाची बिलं, होड्यांची नोंदणीपत्रं यांच्या प्रती जोड.

जागा का हलवता येत नाही, हेही लिहायला हवं. सुनावणीत पहिला प्रश्न तोच येतो, 'दुसरीकडे वाळवा की.' बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने दोरीवर टांगतात. त्याला ऊन लागतं तसाच वारा लागतो. वारा अडला की मासळी आतून ओली राहते, कुबट वास येतो, अळी पडते. म्हणजे वाळवण सोडून तिच्या समुद्राकडच्या बाजूला उद्यानाची दोन मीटरची भिंत घातली तरी वाळवण मेली. जवळा जमिनीवर पसरतात, शेजारून गाड्या गेल्या की धूळ त्यात बसते. आणि बंदरापासून वाळवण जितकी लांब, तितकी डोक्यावरची पाटी लांब वाहायची. ते अंतर पावलांनी नको, टेपने मोज. 'सध्या ४० मीटर, सुचवलेल्या जागी ६००' असे आकडे समितीला लगेच कळतात.

कायद्याचा दुसरा आधार सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना, १८ जानेवारी २०१९ ची. जिल्ह्याच्या किनारा व्यवस्थापन आराखड्यात तुमचा पट्टा कुठल्या वर्गात आहे ते बघ. वर्ग ३ मध्ये भरतीरेषेपासून दाट वस्तीत ५० मीटर आणि विरळ वस्तीत २०० मीटरचा ना-विकास पट्टा असतो. त्या पट्ट्यातही मासळी सुकवण्याच्या जागा, लिलावगृह, जाळी दुरुस्तीची जागा, बर्फाचा कारखाना या मच्छीमारांच्या सोयींना वाव ठेवला आहे. वर्ग २ असेल तर नवं बांधकाम आधीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतींच्या जमिनीकडच्या बाजूलाच होतं. शिवाय मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, सुकवण्याचे ओटे हे किनारा आराखड्यात दाखवणं अपेक्षित आहे. तिथे तुमची वाळवण दाखवली असेल आणि विकास योजनेत नसेल, तर दोन सरकारी नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत. हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तिथेही नसेल तर जिल्हा किनारा समितीला वेगळं पत्र दे.

शौचालयाला मात्र विरोध करू नका. हे मी ठासून सांगतो. पहाटे ४ ला बंदरावर येऊन दुपारपर्यंत थांबणाऱ्या बायांना त्याची किती गरज आहे हे सभेतले पुरुष विसरतात. बायांना समोर बसवून विचार, आणि त्यांची वेगळी सूचना त्यांच्या सह्यांनी जाऊ दे. हरकत फक्त जागेला आणि बांधणीला. रेताड जमिनीत शोषखड्डा विहिरीजवळ आला की अडचण होते, कारण रेती पाणी गाळायला थांबत नाही, लगेच पुढे सोडते. पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी वर येतं, खड्डा बुडतो, मैला उलटा येतो आणि शौचालयाला कुलूप लागतं. विहिरीच्या काठापासून पाणी किती खाली आहे ते दोरीला दगड बांधून आत्ता मोज आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोज. दोन्ही आकडे तारखेसह पत्रात घाल. भूजल उतरणीने समुद्राकडे सरकतं, म्हणून शौचालय विहिरीच्या खालच्या अंगाला, पण उधाणाचं पाणी पोचणार नाही इतकं वर हवं. खालून पाणी वर येत असेल तर शोषखड्ड्याऐवजी बंद टाकी मागा. ती उपसणारी गाडी पोचेल एवढा रस्ताही मागा, नाहीतर टाकी भरली की तिची गत तीच. पाण्याचा हिशेब करून दे. धुण्यासह एका वापराला ८ लिटर आणि दिवसाला ३०० वापर धरले तर २,४०० लिटर लागतील. अंदाजपत्रकात १,००० लिटरची टाकी असेल तर सकाळी ९ लाच ती कोरडी पडेल. दिवा, आतली कडी, पहाटे उघडणारा माणूस आणि वीजबिल कोण भरणार, हे चार प्रश्न लेखी विचार.

बांधकामाबद्दल एवढंच: खाऱ्या वाऱ्यात सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे किनाऱ्यावरच्या आरसीसीला (सळईच्या काँक्रीटला) किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर लागतं, लाटांचे तुषार थेट बसत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. हे आराखड्याच्या हरकतीत नको, निविदेच्या वेळी बघू.

गावातली एक गोष्ट आधी गावातच मिटवा. घरगुती निवास चालवणाऱ्यांना वाहनतळ हवा आहे आणि त्यांचंही खरं आहे, शनिवार-रविवारी गाड्या बोळातच उभ्या राहतात. त्यांनी बाजूने आणि तुम्ही विरुद्ध अशी पत्रं दिलीत तर समिती आरक्षण आहे तसं ठेवते, कारण ते तिला सोपं. त्यांच्याबरोबर बसून रस्त्याच्या आतल्या बाजूची दुसरी जागा शोधा. सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, मालकी आणि रस्त्याची रुंदी यांसकट ती सुचवा. पर्यायी जागा सुचवली नाही तर आरक्षण उठवणं अवघड होतं, कारण अमुक लोकसंख्येला अमुक सोयी हा हिशेब त्यांना जुळवावा लागतो. जागा खासगी असेल तर मालकाला आधी भेटा, त्याला नोटिशीतून कळू देऊ नका.

हरकत लिहिताना एका पत्रात एकच विषय ठेव. आरक्षण क्रमांक, सर्व्हे नंबर, चूक काय, पुरावा काय, बदल काय हवा. दीड पान पुरे. पाचशे जणांनी एकच छापील मजकूर सही करून दिला तर तो एकच मुद्दा म्हणून हाताळला जातो. त्यापेक्षा सोसायटीचं एक सविस्तर पत्र, आणि वीस-पंचवीस जणांची स्वतःची पत्रं: होडीवाला होडीबद्दल, वाळवणवाली वाळवणीबद्दल, विहिरीचं पाणी भरणारी विहिरीबद्दल. शेवटी 'मला समक्ष सुनावणी द्यावी' ही ओळ प्रत्येक पत्रात हवीच, ती मागणाऱ्याला सुनावणी मिळते. आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. पाच मिनिटं मिळाली तर खूप. तिथे भाषण नको. तुमचा १:५०० चा नकाशा टेबलावर पसर, भरलेल्या वलांड्यांचा फोटो त्यावर ठेव, आणि किनारा आराखड्याचा उतारा शेजारी. वाळवणीवरची एक बाई सोबत ने आणि तिला बोलू दे. काय बोललात त्याचं लेखी टिपण त्याच दिवशी आवकला दे.

हरकतींनी काही होत नाही असं सांगणारे गावात भेटतील. मुंबईच्या २०३४ च्या विकास योजनेचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्यातल्या चुका लोकांनी हजारो हरकतींनी दाखवल्या आणि एप्रिलमध्ये तो नव्याने करायचा आदेश निघाला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये. हे त्यांना सांग. आणि आपल्यांना हेही सांग की वाळवण योजनेत नोंदली गेली तरी कलम ३७ खाली पुढे फेरबदलाची नोटीस येऊ शकते, म्हणून राजपत्र आणि नगरपरिषदेचा फलक दर महिन्याला बघणारा एक माणूस नेमून ठेवा.

सह्यांची पत्रं तू लिहून दिलीस तरी वाचून दाखवल्याशिवाय कुणाची सही घेऊ नकोस. पहिली मोजणी येत्या अमावास्येच्या उधाणाला कर. पन्नास मीटरचा टेप माझ्याकडे आहे, रविवारच्या आत घेऊन जा.

तुझा,
काका