या वर्षी दोनच जागा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतची यादीही वाचली. नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा, साल्झबर्ग शहर, झुगस्पिट्झ शिखर, बोडेनझे सरोवर. हे सगळं म्युनिकहून एका उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारांत कसं बसवायचं, असं तू विचारतेस. पुढे लिहितेस की मागच्या सहलीत थोरली परतीच्या गाडीत रडून रडून झोपली, धाकटा जेवला नाही, आणि घरी येऊन तुम्ही दोघं एकमेकांशी बोललाही नाहीत.

ती यादी दोन वर्षं कपाटात ठेव, असं माझं तुला मनापासून सांगणं आहे. या वर्षी घरापासून अर्ध्या-पाऊण तासात पोचता येईल अशा दोनच जागा निवड आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा जा. उन्हात जा, पावसात जा, बर्फातही जा.

मी इथल्या किटामध्ये, म्हणजे बालवाडी-पाळणाघरात, अनेक वर्षं लहान मुलांबरोबर काम केलं, त्या अनुभवावरून लिहिते आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला नवलाईची भूक आपल्याला वाटते तेवढी नसते. त्याला ओळखीची भूक असते. तीच घसरगुंडी, तोच पूल, पुलाखालचं तेच बदक. तिसऱ्या खेपेला मूल हात सोडून पुढे धावतं, कारण पुढे काय आहे ते त्याला माहीत असतं. तुझी लेक पुण्याचं घर, आजी-आजोबा, खालच्या मजल्यावरची मैत्रीण हे सगळं एका दिवसात मागे सोडून आली. तिच्या हाताशी ओळखीचं असं काहीच उरलेलं नाही. दर शनिवारी तू तिला आणखी एक अनोळखी गाव दाखवतेस, म्हणून ती रडते. हट्टी नाही गं ती.

आणि नॉयश्वानस्टाइनचं म्हणशील तर म्युनिकहून फ्युसेनपर्यंत दोन तासांची आगगाडी, मग बस, मग चढण. तिकिटावर वेळ छापलेली असते, ती चुकली की तिकीट गेलं. आत बाबागाडी नेता येत नाही, पाठीवरची मुलांची खुर्चीही नाही. चौदा महिन्यांचं बाळ घेऊन त्या जिन्यांवर कशाला जायचं? राजवाडा कुठे पळून जात नाही. थोरली आठ वर्षांची झाली की तिला तो बांधणाऱ्या राजा लुडविगची गोष्ट सांगून घेऊन जा, तेव्हा ती प्रश्न विचारून तुला भंडावून सोडेल.

आता जागांबद्दल. पहिली मी तुला इझार नदी सांगेन. यू-३ या भुयारी रेल्वेने थालकिर्शनला उतर. तिथून प्राणिसंग्रहालयही जवळ आहे, पण तू नदीकडे वळ आणि फ्लाउखर नावाच्या काठाच्या बाजूला जा. तिथे पांढऱ्या-करड्या गोट्यांचे मोठे काठ आहेत. हे काठ असे मोकळे पूर्वी नव्हते. नदी सरळ, बांधीव पात्रात कोंडलेली होती. 2000 ते 2011 या काळात शहरातला सुमारे आठ किलोमीटरचा पट्टा पुन्हा मोकळा केला, काठ रुंद केले, पाण्याला हवं तसं वळू दिलं. त्यामुळे आज मुलं थेट पाण्यापर्यंत जाऊ शकतात. तिथे मुलांना काही खेळणं लागत नाही. गोटे पाण्यात टाकायचे, गोट्यांवर गोटे रचायचे, काटकीने वाळू उकरायची. दोन तास कसे जातात कळत नाही. पाणी आल्प्समधून येतं, भर उन्हाळ्यातही गार असतं आणि ओढ दिसते त्याहून जास्त असते. डोंगरात पाऊस झाला असेल तर पाणी चढतं, त्या दिवशी काठावर जाऊच नकोस. इतर दिवशीही धाकट्याचा हात क्षणभरसुद्धा सोडायचा नाही, आणि तुम्ही दोघांपैकी एकाने फोन खिशातच ठेवायचा.

दुसरी जागा हिर्शगार्टन. एस-बानचं, म्हणजे उपनगरी रेल्वेचं, त्याच नावाचं स्टेशन आहे. मोठं मैदान, जुनी झाडं, खेळायची जागा, कुंपणाआड हरणं, आणि शेजारी म्युनिकचं सगळ्यात मोठं बिअरगार्टन. नाव ऐकून दचकू नकोस. इथली बिअरगार्टनं म्हणजे सगळ्या कुटुंबाने बसायची अंगणं असतात. आणि एक फार चांगली रीत इथे आहे: ज्या टेबलांवर कापड अंथरलेलं नाही तिथे आपला डबा उघडून जेवता येतं. ही रीत 1812 सालची, बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिकच्या या प्रांताच्या, राजाच्या हुकमापासूनची. तेव्हा बिअर बनवणाऱ्यांना आपल्या तळघरांजवळ बिअर विकायची मुभा मिळाली, पण जेवण विकायला बंदी झाली, म्हणून लोक घरून शिदोरी आणू लागले. आजही आजूबाजूची जर्मन कुटुंबं चौकटीचं कापड अंथरून मुळा, चीज, पाव मांडतात. तू थालीपीठ, दही, पोळीचा लाडू मांड. पिण्याचं तेवढं तिथूनच घ्यायचं, मुलांसाठी सफरचंदाचा रस आणि सोडा मिळतो. जर्मन पदार्थ मुलं खात नाहीत म्हणून बाहेर जेवायला जाता येत नाही, असं तू लिहिलं आहेस. ती अडचण इथे आपोआप सुटते. आणि शेजारच्या टेबलावरची मुलं तुझ्या लेकीच्या डब्यात डोकावली की लाडू वाटायला तिलाच पाठव. जर्मन येत नसली तरी लाडू देता येतो.

घरातून सकाळी निघ आणि धाकट्याच्या दुपारच्या झोपेच्या आत परत ये. एवढं पाळलंस तर निम्मी रडारड थांबेल. सहा वर्षांखालच्या मुलांना बस-आगगाडीत तिकीट लागत नाही, बाबागाडीलाही नाही. मधल्या दारापाशी बाबागाडीची जागा असते, तिथेच उभी राहा आणि ब्रेक लाव. पुढे कधी लांबचा प्रवास ठरला तर आयसीई या वेगवान गाडीत लहान मुलांसाठी वेगळी जागा मिळते का ते पाहून आरक्षण आधी करून ठेव.

हवेबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण इथेच आपल्या घरांत सगळ्यात जास्त ओढाताण होते. बाहेर पाच अंश, भुरभुर पाऊस, आणि किटाच्या बाई मुलांना बागेत नेतात म्हणून तुला काळजी वाटते. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणतात, ‘अगं, लेकरू आजारी पडेल.’ त्यांची माया खरी आहे, त्यांच्याशी वाद घालू नकोस. पण मुलीला बाहेर पाठव. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि विषाणू बंद खोलीत, गर्दीत जास्त पसरतात. मुलीला चिखलात बसायची माट्शहोझं (पाणी न शिरणारी विजार), रबरी बूट, आत लोकरीचा किंवा फ्लीसचा थर आणि कान झाकणारी टोपी एवढं असलं की पुरे. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. गाडीतल्या मुलांच्या खुर्चीत बसवताना मात्र फुगीर कोट काढायचाच. पट्टा त्यामुळे अंगाला नीट बसत नाही आणि धक्का बसला तर मूल त्यातून निसटू शकतं. आधी पट्टा आवळायचा, मग वरून पांघरूण.

डिसेंबरात इथे साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो. म्हणून हिवाळ्यातली फेरी सकाळचीच, मग अर्ध्या तासाची का असेना. बर्फ पडला की ऑलिंपियापार्कच्या टेकडीवर जा. ती टेकडी दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यातून रचलेली आहे. आज तिच्या उतारांवरून मुलं लाकडी घसरगाड्यांवर किंचाळत खाली येतात. मला ती टेकडी या शहरातल्या कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोठी वाटते.

उन्हाळ्यात गोचिडींकडे लक्ष ठेव. उंच गवतातून, झाडीतून आल्यावर दोन्ही मुलांना काखेत, मांडीच्या सांध्यात, कानामागे, केसांत नीट तपास. बव्हेरियाच्या बहुतेक भागात गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा धोका आहे. त्यावर लस आहे आणि ती वयाच्या एका वर्षानंतर देता येते, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना विचार. गोचिडीमुळेच होणाऱ्या बोरेलिओसिस या दुसऱ्या आजारावर लस नाही, म्हणून हे तपासणं चुकवायचं नाही.

तू लिहिलंस की खेळायच्या जागी मुलं ओरडली की तुला संकोच वाटतो, कोणी पाहील म्हणून तू सारखी ‘शूऽ’ करतेस. नको करूस. मुलांच्या आवाजाबद्दल इथे 2011 मध्ये कायद्यातच सुधारणा झाली: बालवाड्या आणि खेळायच्या जागांवरून येणारा मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे उपद्रव मानायचा नाही. रात्री दहानंतर घरात शांतता हवी, ते वेगळं. पण घसरगुंडीवर तुझ्या लेकीला मोठ्याने हसायचा पूर्ण हक्क आहे. मराठीतून हसायचा आणि मराठीतून भांडायचाही. ट्राममध्ये मुलांशी बोलताना आवाज खाली नेणाऱ्या आपल्या कितीतरी आया मी पाहिल्या आहेत, आणि मला ते पाहून वाईट वाटतं. मूल ते टिपतं. आपली भाषा चारचौघांत लपवायची असते असं त्याच्या मनात बसतं. तू नेहमीच्या आवाजात बोल. जर्मन तिला किटामध्ये मिळेल, त्याची चिंता तू करायची नाहीस. पुढे ती जर्मनमधून उत्तरं देऊ लागेल, तेव्हाही न रागावता तू मराठीतच बोलत राहा.

पावसाळी रविवारी ब्लुटेनबुर्गच्या छोट्या राजवाड्यात तिला एकदा ने. येला लेपमान या बाईंनी युद्धानंतर, 1949 मध्ये, मुलांसाठी उभारलेलं आंतरराष्ट्रीय ग्रंथालय 1983 पासून तिथे आहे. दोनशेहून जास्त भाषांतली पुस्तकं त्यांच्याकडे जमा आहेत. जाण्याआधी त्या दिवशी काय उघडं आहे ते पाहून घे.

नोव्हेंबरची गोष्ट तुला आत्ताच सांगून ठेवते. 11 नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस. आपला झगा तलवारीने कापून अर्धा भिकाऱ्याला देणाऱ्या शिपायाची गोष्ट मुलांना सांगतात, आणि त्या सुमारास संध्याकाळी सगळी मुलं हाताने केलेले कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्याने निघतात. किटामध्ये पालकांना कंदील करायला बोलावतात. आपली दिवाळीही आगेमागेच असते. तू एकाच आठवड्यात मुलीला घेऊन बस, खिडकीत लावायचा आकाशकंदील कर आणि मिरवणुकीचा कंदीलही कर. तोच कागद, तीच खळ, त्याच झिरमिळ्या. या मिरवणुकीला नवऱ्यालाही कामावरून लवकर यायला सांग. इथले वडील येतात.

नवऱ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. महिन्यातला एक शनिवार त्याने दोन्ही मुलांना एकट्याने बाहेर न्यायचं आणि तू घरी झोपायचं. डबासुद्धा त्यानेच भरायचा. मूल आजारी पडलं तरी रजा तूच घ्यायची असं नाही. सरकारी आरोग्यविमा असेल तर 2024 पासून प्रत्येक मुलामागे आई आणि वडील दोघांनाही वर्षाला 15-15 दिवस मिळतात. ते दोघांनी वाटून घ्या.

पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा येणार म्हणतेस. नव्वद दिवसांचा व्हिसा, तीस हजार युरोंचा विमा, हे सगळं तू करशीलच. पण तीन महिने ते चौथ्या मजल्यावर बसून काय करतील, ही तुझी काळजी मला समजते. आपल्या माणसांना इथे मोटारींची नाही, एकटेपणाची भीती वाटते. तेव्हाच या दोन जागा कामाला येतील. तोवर तुझी लेक पाच वर्षांची झालेली असेल. कुठल्या स्टेशनवर उतरायचं, कुठल्या जिन्याने वर यायचं, हरणं कुठल्या कोपऱ्यात असतात, हे तिला पाठ असेल. पहिले दोन-तीन दिवस तू बरोबर जा, मग आजोबांना आणि तिला पाठव. त्यांच्या खिशात तिकीट आणि तुझा नंबर लिहिलेला कागद असू दे. रस्ता ती दाखवेल, मोठ्या माणसाचं भान ते ठेवतील. तिला या शहरात कोणाला तरी काहीतरी दाखवता येईल. मला तुझ्या यादीतल्या चारही ठिकाणांपेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं.

शनिवारी दूध, अंडी, फळं भरून ठेव, रविवारी दुकानं बंद असतात. मला तर हा नियम आवडतो, त्या दिवशी खरेदीची सबबच उरत नाही.

तुमच्या दोन जागा ठरल्या की कळव. त्या माझ्याच असाव्यात असं नाही. तुझ्या घराजवळ एखादी बाग, एखादा ओढा असेल तर उलट चांगलं, चालत जाता येईल.

मुलांना गोड पापा.

तुझी,
मावशी

ता. क. फ्रीजवर एक कागद चिकटव: रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर 116117, जिवावरचं असेल तर 112. रविवारीही भागातलं कुठलं तरी औषधाचं दुकान आळीपाळीने उघडं असतं. त्याचं नाव इतर दुकानांच्या दारावर लावलेलं असतं. आणि धाकट्याच्या तपासणीची पिवळी वही जपून ठेव, दर तपासणीला ती बरोबर न्यावी लागते.