प्रायोगिक लष्करी मालवाहू विमानाच्या एचिंगमध्ये बारकावे किती असावेत?

बोईंग वायसी-१४ या विमानाचे तांब्याच्या पत्र्यावर एचिंग (अम्लाने रेषा खोदून त्यावरून छाप घेण्याचे चित्र) करताना प्रत्येक सांधा आणि रिव्हेट कोरावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते कोरू नये. ज्या प्रयोगासाठी हे विमान बांधले गेले, त्याच्याभोवती रेषा दाट असाव्यात आणि शेपटीकडे जाताना त्या विरळ होत जाव्यात.

आखूड, कच्च्या धावपट्टीवरही उतरू शकेल असे मालवाहू जेट विमान अमेरिकी हवाई दलाला हवे होते. त्यासाठी बोईंगने वायसी-१४चे दोन नमुने बांधले आणि पहिले उड्डाण ९ ऑगस्ट १९७६ रोजी झाले. त्याची दोन्ही इंजिने पंखाखाली टांगलेली नसून पंखाच्या वर, धडाच्या जवळ बसवलेली आहेत. त्यांचा झोत पंखाच्या पाठीवरून वाहत खाली झुकलेल्या फ्लॅपच्या (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी झडप) वक्र पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि त्या वळणाबरोबर जमिनीकडे वळतो. कोआंडा परिणाम म्हणतात तो हाच, आणि त्यामुळेच कमी वेगातही विमानाला पुरेसे उद्धरण, म्हणजे वर उचलणारे बल, मिळते. म्हणून फ्लॅप पूर्ण उतरवलेली स्थितीच निवडावी, असा माझा आग्रह आहे. फ्लॅप मिटलेले असले तर इंजिनांची जागा केवळ चमत्कारिक दिसते, तिचे कारण चित्रात उरत नाही.

रेषेचे वजन सुईच्या दाबापेक्षा अम्लातील वेळेवर सोपवावे. सगळे रेखाटन हार्ड ग्राउंडवर, म्हणजे पत्र्यावर दिलेल्या मेणासारख्या अम्लरोधक थरावर, सुईने करून पत्रा फेरिक क्लोराइड या तांबे खाणाऱ्या द्रावणात थोडा वेळ ठेवावा, मग धडावरचे सांधे आणि शेपटीच्या रेषा वॉर्निशने झाकाव्यात आणि इंजिनांचे नळकांडे, फ्लॅपच्या फटी व पंखाखालची सावली यांना पुन्हा अम्ल द्यावे. या द्रावणात रेषांमध्ये गाळ साचतो, त्यामुळे पत्रा पालथा, थोडा उचलून ठेवलेला बरा. धडाच्या गोलाईसाठी मी आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीऐवजी हलके ॲक्वाटिंट (राळेच्या बारीक कणांमधून अम्ल देऊन सलग करडी छटा आणण्याची पद्धत) वापरीन, कारण जाळी सांध्यांच्या रेषांत मिसळते आणि नजर फ्लॅपवर ठरत नाही.

छाप आरशातल्यासारखी उलटी येते, हे छायाचित्रावरून काम करताना विशेष लक्षात ठेवावे. शेपटीवरचे क्रमांक आणि धडावरची अक्षरे पत्र्यावर उलटीच कोरावी लागतील, त्यामुळे संपूर्ण रेखाटन आधी ट्रेसिंग कागदावर करून तो कागद पालथा घालूनच पत्र्यावर उतरवावे.