सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ताकद वाटणारा, त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरसंच) असलेल्या फुल-टाइम फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) काढला की टू-व्हील ड्राइव्ह मिळते का?

नाही, नुसता शाफ्ट काढलात तर गाडी जागची हलणारही नाही. ओपन सेंटर डिफरन्शियल ज्या बाजूला अडथळा कमी तिकडे फिरतं, म्हणजे सगळी ताकद त्या मोकळ्या तोंडातून वाया जाते. डिफ लॉक (डिफरन्शियल जाम करून पुढची-मागची बाजू एकत्र बांधणारी कळ) लावला तर गाडी चालेल, पण तो कायम लावून ठेवावा लागेल. व्हिस्कस कपलिंग (दोन्ही बाजूंच्या वेगात फरक पडला की घट्ट द्रवानं त्यांना आवळणारा भाग) असेल तर त्याच्यावर ताण येऊन ते तापतं आणि जळतं.

टिकाऊ उपाय म्हणजे पार्ट-टाइम किट, म्हणजे गरजेपुरतीच फोर-व्हील ड्राइव्ह वापरता येईल असे बदली भाग. यात:
- ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरबॉक्स) उघडून सेंटर डिफरन्शियलच्या जागी स्पूल (वेगात फरक होऊ न देणारा अखंड तुकडा) बसवतात. व्हिस्कस कपलिंग असल्यास काढतात.
- पुढच्या चाकांवरच्या ड्राइव्ह फ्लँजच्या (चाकाला ॲक्सलशी कायम जोडणाऱ्या चकतीच्या) जागी फ्री-व्हीलिंग हब लावतात; यानं चाक ॲक्सलपासून मोकळं करता येतं किंवा जोडता येतं.

हब मोकळे म्हणजे टू-व्हील, लॉक म्हणजे फोर-व्हील. दोन्ही हब एकाच स्थितीत हवेत, आणि कोरड्या डांबरावर ते लॉक ठेवू नका: वळणावर पुढच्या-मागच्या वेगातला फरक जिरवायला आता काही उरलेलं नसतं, गिअर आणि जॉइंट आवळून तुटतात. इंधन वाचेल म्हणून करत असाल तर फार आशा नको, कारण अशा काही किटमध्ये हब मोकळे असले तरी पुढचा शाफ्ट फिरतच राहतो.

हे फक्त यांत्रिक ट्रान्सफर केसला लागू. इलेक्ट्रॉनिक क्लचवाल्या गाड्यांना हे किट बसत नाही.