'काइंड ऑफ यू' म्हणतात, मग 'ईझी ऑफ यू' का नाही?

तुमचा प्रश्न असा: 'इट वॉज काइंड ऑफ यू टू कम' बरोबर, मग 'ईझी' आलं की 'ऑफ' जाऊन 'फॉर' का येतो? परभणीजवळच्या एका गावात मी दहावीला इंग्रजी शिकवतो. पोरं दरवर्षी इथंच अडतात.

काइंड, रूड, वाइज, फूलिश, केअरलेस ही विशेषणं नुसतं काम तोलत नाहीत, करणाऱ्यालाही तोलतात. तुम्ही आलात, हा तुमचा चांगुलपणा; म्हणून 'ऑफ'. ईझी, डिफिकल्ट यांचं तसं नाही. येणं सोपं होतं, तुम्ही सोपे नव्हता. 'यू वेअर काइंड टू कम' म्हणून बघा, चालतं. 'यू वेअर ईझी टू कम' चालत नाही. 'गुड' मात्र दोन्हीकडे बसतो आणि अर्थ बदलतो. पाहुण्याला आभारपत्रात 'गुड ऑफ यू टू कम' लिहायचं. 'गुड फॉर यू' लिहिलं तर येणं त्याच्याच फायद्याचं होतं, असा अर्थ निघतो.

आपण मराठीत हेच दोन तुकड्यांत बोलतो: "आलात, बरं केलंत." आधी घडलेली गोष्ट, मग तिच्यावरचं मत. इंग्रजी दोन्ही एकाच वाक्यात भरते, आणि खरी अडचण तिथंच आहे.

एकदा मी फळ्यावर लिहिलं, 'इट वॉज नॉट फूलिश ऑफ हिम टू सेल द सोयाबीन.' विचारलं, सोयाबीन विकलं का? 'नॉट' दिसला, अर्धा वर्ग ओरडला, "नाही सर!" पण इथला 'नॉट' फक्त मताला लागतो, विक्रीला नाही. 'ही वॉज नॉट एबल टू सेल' असतं तर माल खरंच घरात राहिला असता.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "विकलं सर. विकण्यात येडेपणा नव्हता." तिच्या वडिलांनी दिवाळीच्या तोंडावर, मोंढ्यात आवक वाढून भाव उतरलेला असताना माल घातला होता. आजोबा घरात रोज बोलत होते. "हरभरा पेरायला पैसा कुठून आणायचा होता मग?" तिनं मलाच विचारलं. मी तिचं वाक्य तसंच फळ्यावर, इंग्रजी वाक्याच्या खाली लिहिलं.